उमाताईच्या नावाची जाडी

आमच्या घरी माठ 'ठ'वर ठेवलेला असायचा. कोपऱ्यात लाकडाचा 'ठ' आडवा पडलेला, त्याच्या गोल पोटात माठाचं बूड बसवलेलं. 'ळ'च्या दोन भोकांत मिठाची आणि चटणीची बरणी. मागच्या दाराखाली 'र' पाचरीसारखा ठोकलेला, कारण ते दार वाऱ्यानं आपटायचं. 'द' भिंतीवर उलटा टांगलेला आणि त्याच्या शेपटीला आईच्या पिशव्या. पाहुणे आले की बसायला 'ट' द्यायचा, पण तो फक्त घरच्या पाहुण्यांना, कारण त्यावर बसायची एक रीत होती आणि ती नवख्याला जमत नसे. बाहेरच्या माणसाला हे घर वेड्यांचं वाटलं असतं. आम्हाला ते नीट लावलेलं वाटायचं, आणि मला अजूनही वाटतं. कोणतं अक्षर कुठं आहे याची यादी मी तेव्हाही तोंडपाठ म्हणू शकत होते. आज वसतिगृहाच्या कोठीखोलीत चादरी, बादल्या आणि गाद्यांचा हिशेब ठेवते, तेव्हा लोक म्हणतात, मॅडम, तुमच्या डोक्यात कपाट आहे. कपाट नाही. मुळाक्षरं आहेत.

ही अक्षरं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांना सगळे नुसतं 'पेंटर' म्हणत. ढाब्यांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. सुरुवातीला तेही सगळ्यांसारखं नखरेल अक्षर काढायचे: वर जाड, खाली निमुळतं, शेपटीला वळण, मागे निळी सावली. एकदा एका ढाबेवाल्यानं येऊन सांगितलं, "पेंटर, तुमचं अक्षर लई देखणं हाय, पण डायवरला ते वाचून होईस्तोवर त्यो पाडळशिंगीच्या पुढं गेलेला असतोय. वाचून झाल्यावर त्याला भूक लागती आन् जेवतोय दुसऱ्याकडं." अण्णांनी हे मनावर घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं आई सांगायची. मला आठवतं ते असं, की ते जेवले, पण ताटाकडे न बघता, आणि भाकरी संपल्यावरही हात भाकरी मोडल्यासारखा चालत राहिला.

मग त्यांनी आईला कामाला लावलं. आईची नजर अधू होती आणि चष्मा लावायला तिचा नकार होता, कारण तिच्या मते चष्मा मास्तरणींना शोभतो. अण्णांना असाच माणूस हवा होता. रस्त्याच्या कडेला ते एक पाटी उभी करायचे आणि आईला मोटरसायकलवर मागे बसवून तिच्या समोरून भरधाव जायचे. पाटीवर काहीतरी छोटं लिहायचं म्हणून घरातलं सगळ्यात आखूड नाव घेतलं, माझ्या थोरल्या बहिणीचं. उमा. पहिल्या फेरीत आई म्हणाली, "काहीतरी किडं हायेत." अण्णांनी निमुळते भाग काढून टाकले आणि दांडी वरपासून खालपर्यंत सारखी केली. दुसऱ्या फेरीत, "झाड हाय का?" अण्णांनी शेपट्या छाटल्या, टोकं चौकोनी केली, सावली पुसली. सावली उन्हानं पाडायची, पेंटरनं नाही, असं ते पुढं जन्मभर म्हणत राहिले. अक्षर फेरीगणिक जाड होत गेलं. आई वैतागत गेली. "माझा सैपाक तसाच पडलाय आन् मी हितं पाटी वाचत फिरतेय. लोकं काय म्हंतील, पेंटरणीला साळंत घातलं?" आणि मग एका फेरीत, गाडी उतारावर असताना, ती मागून ओरडली, "उमा! उमा हाय ते!" तिला वाटलं ताईच रस्त्यावर उभी आहे. अण्णांनी गाडी थांबवली, उतरले आणि पाटीला हात जोडले.

असं ते अक्षर झालं. त्याचे नियम अण्णांनी आम्हा दोघींना तोंडी शिकवले होते, आणि मी ते इथं नोंदवून ठेवते, कारण दुसरं कुणी ठेवणार नाही. अक्षर पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलं पाहिजे; कडेला रिकामी जागा दिसली की लोकांना वाटतं पेंटर अर्ध्यात पळून गेला. सगळ्या दांड्यांची जाडी सारखी. अक्षर लाकडात कापलं तर त्यावर माणसाला बसता आलं पाहिजे. आणि पोटाबद्दलचा नियम. तो आमच्या शेळीच्या करडामुळे झाला. अंगणात वाळत ठेवलेल्या 'व'च्या पोटात त्यानं तोंड घातलं आणि 'व' गळ्यात घेऊन ते फाट्यापर्यंत पळत गेलं. तेव्हापासून अण्णांचं माप ठरलं: पोटात बोट गेलं पाहिजे, करडाचं तोंड जाता कामा नये. बोटही जात नसेल तर पोट बुजलं, अक्षर मेलं. मी पुढं पुष्कळ नियमावल्या पाहिल्या, पाळल्या आणि स्वतः काढल्या. इतकी स्वच्छ दुसरी पाहिली नाही.

अक्षराची ख्याती पसरली. ढाबे तर होतेच. शिरूर कासारकडची माणसं ऊसतोडीला निघण्याआधी आपल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन अण्णांकडे यायची, कारण कारखान्यावर पेट्यांचा ढीग लागतो आणि त्यात आपली सापडत नाही. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांनाही ते अक्षर सापडायचं. "आमची ती, दोन पोटाची," असं एक बाई म्हणायच्या. पिठाची गिरणी, डॉक्टरचा दवाखाना, बोअरची गाडी, 'येथे लघवी करू नये', सगळं त्याच एका अक्षरात. शेवटचं इतकं ठणठणीत दिसायचं, की अनोळखी माणसं नुसती वाचूनच घाबरून गावाबाहेर जायची.

आणि मग ताईचं लग्न ठरलं.

मुलगा घाटनांदूरचा. जनावरांच्या दवाखान्यात कामाला, अंगानं दणकट, बोलायला कमी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. नाव लक्ष्मीकांत. वडील नव्हते, घरचा सगळा कारभार चुलते बघायचे, बळीआप्पा. बळीआप्पांची जमीन बरीच होती, आणि ते मिळेल त्या निवडणुकीला उभे राहून पडलेले होते. त्यामुळे पाटीवर कुणाचं नाव कुठं, केवढं आणि कुणाच्या खाली, याचं त्यांना फार बारीक ज्ञान होतं. ताईला स्थळ पसंत होतं. मुलगा बघायला आला तेव्हा तो 'ट'वर पहिल्या झटक्यात नीट बसला होता, ते तिनं पाहून ठेवलं होतं.

स्वागताची कमान अण्णांनी स्वतः केली. एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, त्यांच्यामध्ये आडवी कमान, आणि तिच्यावर सारख्या मापाच्या दोन पाट्या. डावीकडे लक्ष्मीकांत, उजवीकडे उमा. लाल जमीन, पिवळं अक्षर. आता विचार करा. पाटी तेवढीच, आणि अक्षर कडेपासून कडेपर्यंत भरायचं. 'उमा' पसरलं तर त्याच्या दांड्या माणसाच्या मांडीएवढ्या झाल्या. 'लक्ष्मीकांत'ला त्याच जागेत दाटीवाटीनं बसायचं होतं, आणि मधलं ते 'क्ष्मी' म्हणजे एका एसटीच्या सीटवर चार माणसं. त्याच्या दांड्या झाल्या बोटाएवढ्या. अण्णांना यात काही वावगं दिसलं नाही. नियम दोन्हीकडे सारखाच लावला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड मारुतीच्या देवळापाशी उतरलं. मांडवामागे येसराची आमटी रटरटत होती, त्या वासानं गावातली कुत्रीसुद्धा शिस्तीत बसली होती. बुंदी पाडून झालेली, वांगी चिरून झालेली. बँडवाले वाजवत पुढं, मागं फेटे, मागं बायका, आणि कमानीखाली येताच बळीआप्पांनी हात वर केला. बँड थांबला. एक क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवत होता, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

आप्पांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग अण्णांना हाक मारली.

"पेंटर, आमचं पोरगं आजारी हाय का?"

"न्हाई बा. कावून?"

"मंग असं वाळल्यावाणी कावून लिवलंय?"

अण्णांनी समजावलं. "आप्पा, पाटी तेवढीच हाय. लांब नाव बारीकच पडतंय."

"आन् तुमची पोरगी?"

"तिचं नाव आखूड हाय."

"म्हंजी पोरगी जाड आन् पोरगा बारीक." आप्पा वऱ्हाडाकडे वळले. "लोकं काय म्हंतील? घाटनांदुराहून मांजरसुंब्याला दिल्यावाणी दिसतंय पोरगं."

नवरदेव तिथंच उभा होता, दाराएवढा. ताई आत खोलीत होती, काडीसारखी. कुणीही डोळ्यांनी पाहू शकत होतं. पण पाटी लागली की लोक पाटीच बघतात.

अण्णा म्हणाले, मुलाची पाटी लांब करतो. आप्पा म्हणाले, "लांबी न्हाई मागत मी. जाडी मागतोय." मग अण्णांनी धोतराचा सोगा वर खोचला, ब्रश घेतला आणि शिडीवर चढून वऱ्हाडासमोर 'लक्ष्मीकांत'ला पोसायला लागले. प्रत्येक दांडीला दोन्ही बाजूंनी पिवळा रंग. वऱ्हाड खालून सांगत होतं, "आजून थोडं. मानंपाशी भरा. पाय लई बारीक हायेत." सगळं भरल्यावर अण्णा उतरले, आणि त्यांना नियमाची आठवण झाली. आईला बोलावलं. ती विहीण म्हणून शालू नेसून, नाकात नथ घालून उभी होती. तिला तसंच मोटरसायकलवर बसवलं आणि कमानीखालून भरधाव नेलं. वऱ्हाड बाजूला झालं. बँडवाल्यांना वाटलं हा इकडचा दस्तूर आहे. त्यांनी ढोल वाजवला.

"काय वाचलंस?" अण्णांनी विचारलं.

"आदी ल," आई म्हणाली. "मंग एक म्हैस बसलीय. मंग कांत."

'क्ष्मी' बुजलं होतं. पोट नाही, फट नाही, नुसता पिवळा डोंगर. आप्पा आणखी बिथरले. म्हणाले, "मंग पोरीचं कापा."

तेव्हा अण्णांनी ब्रश खाली ठेवला. मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं आणि तेव्हाही ते मोठ्यानं बोलले नाहीत. "आप्पा, पाय धुतो, टोपी उतरवतो, जे म्हनाल ते करतो. पर माझ्या हातानं मी माझ्या लेकीचं नाव बारीक करनार न्हाई."

मागे येसराची आमटी रटरटत होती. मुहूर्त गोरज होता, पण वऱ्हाड उपाशी होतं, आणि उपाशी वऱ्हाडाला मागे फिरायला वेळ लागत नाही. मग बळीआप्पांनाच कल्पना सुचली, आणि ती सुचताना त्यांचा चेहरा निवडून आल्यासारखा झाला.

"पोरीचं नाव आमाला बदलायचंच हाय न्हवं? लग्नानंतर, ताटात? मंग लांब ठिवू! लांब ठिवलं की आपसूक बारीक पडंल. आन् हिकडची पाटी ऱ्हाऊ द्या, आजच्यापुरतं पोरगीच हाय ती तुमची. उद्या घाटनांदूरला आमच्या दारावर नवी पाटी लावायची."

गावातल्या शहाण्या माणसांनी माना डोलावल्या. यात अन्याय कुणावरच नव्हता. नाव तर सगळ्याच पोरींचं बदलतं. मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. पण आप्पांनी एक चलाखी केली, की अण्णांना धंद्यातला प्रश्न विचारला. "पेंटर, तुमीच सांगा, सगळ्यात बारीक कोन्तं पडंल?" आणि अण्णा विचारात पडले. मांडवाच्या खांबावर खडूनं मापं घ्यायला लागले. "कात्यायनी... न्हाई, ते आंगानं भरतंय. त्रिपुरसुंदरी बारीक हाय, पर त्याला भारदस्तपणा हाय. अन्नपूर्णा तर जाडच." शेवटी मान वर करून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "राजराजेश्वरी. ते पार दोरा पडंल."

आईनं त्यांच्याकडे जे पाहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनी खडू खिशात टाकला, आणि मग त्यांना समजलं की त्यांनी काय सांगितलं. पण तोवर आप्पांनी बँडला हात केला होता.

ताईनं आतून सगळं ऐकलं होतं. अंगावर हळद, हातात हिरवा चुडा, समोर तिची संसाराची पेटी, आणि पेटीच्या झाकणावर अण्णांनी काढलेलं 'उमा', कडेपासून कडेपर्यंत.

"नंदे," ती मला म्हणाली, "राजराजेश्वरी कोन गं?"

"तू."

"आन् उमा?"

"ती उद्यापतूर."

तिनं झाकणावरच्या 'उ'वर हात ठेवला. रडेल असं वाटलं, पण ती रडणारी नव्हती. "आईनं पळत्या गाडीवरून हाक मारल्याली हाय मला ह्या नावानं," ती म्हणाली. "मी लांब होनार न्हाई, नंदे. काय बी कर." मी काय करणार होते? मी पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जाणार होते आणि माझ्याकडे सामानाची यादी होती, एवढीच माझी ताकद. आमटी फार सुंदर झाली होती. वऱ्हाडानं पुन्हा पुन्हा मागून घेतली. माझ्या तोंडाला चव लागली नाही. ती चव मी पुढं किती लग्नांत शोधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून निघालो. पुढं बळीआप्पा आणि व्हिडिओवाला, मागं नवरा-नवरी आणि मी. दाजींच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. व्हिडिओत काच चमकते म्हणून आप्पांनी तो आदल्या दिवशीच काढायला लावला होता आणि तेव्हापासून तो दाजींच्या खिशात होता. बिचाऱ्यांचं लग्न धुक्यातच लागलं होतं. रस्त्यानं पाट्या मागे जात होत्या. ताई खाली मान घालून बसली होती, आणि मध्येच तिनं नवऱ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"ते वाचता येतंय का?"

दाजी दचकले. बाहेर बघून म्हणाले, "टायर."

"आन् ते?"

"रसवंती."

"ते निळं?"

"न्हाई. ते निस्तं निळं हाय."

ताई म्हणाली, "जे वाचता आलं ते अण्णांचं हाय." आणि थोड्या वेळानं, पुढच्या सीटला ऐकू जाणार नाही असं, "राजराजेश्वरी कशी लिवनार तुमी?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळूनही त्यांना ती नीट दिसत असेल असं वाटत नाही. ते म्हणाले, "बघतो." नंतर घाटनांदूर येईपर्यंत ते आपला अंगठा न्याहाळत बसले होते. दाजींचा अंगठा म्हणजे बैलाच्या तोंडात जायचा अंगठा, तो तसाच असणार.

माप ओलांडून झालं, ओवाळून झालं. देव्हाऱ्यासमोर पाट मांडले आणि तांदूळ पसरलेलं ताट आलं. अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग साखर वाटायची. अंगण भरलेलं होतं. आप्पांनी व्हिडिओवाल्याला जवळ उभं केलं आणि म्हणाले, "हं, लिही. राजराजेश्वरी." दाजींनी अंगठी ताटाच्या कडेला ठेवली, अंगठा तांदळात रोवला आणि सावकाश, वरपासून खालपर्यंत सारखी जाडी धरून, लिहायला लागले. 'उ' झाला. 'मा' झाला. ताट संपलं. कडेपासून कडेपर्यंत एक दाणा जागा उरली नाही.

"ह्ये काय?" आप्पा म्हणाले.

"नाव."

"राजराजेश्वरी म्हनलं न्हवं का बे तुला?"

"आप्पा, बारीक लिवलं तर मला दिसंना. जाड लिवलं तर ताटात बसंना."

"मंग चष्मा लाव!"

"तुमीच न्हाई म्हनला. व्हिडिओत चमकतोय."

व्हिडिओवाल्यानं गंभीरपणे मान हलवली. चमकतो, म्हणाला. दाजींच्या खिशातून चष्म्याची काडी अंगणभर सगळ्यांना दिसत होती, पण सगळे ताटाकडेच बघत होते.

आप्पा अडचणीला डगमगणारे नव्हते. "मोठं ताट आना." मोठी परात आली, भाकरीच्या पिठाची, तिच्यात आणखी तांदूळ ओतले. दाजींनी परात नीट पाहिली, आणि आता अंगठ्याऐवजी मूठ घेतली. उमा. परात भरली. "ह्ये मोठं झालं की रे!" "परात मोठी झाली न्हवं, आप्पा." आप्पांना घाम आला. त्यांनी सतरंजी अंथरायला लावली आणि तिच्यावर तांदळाचं अख्खं पोतं सोडलं. "आता लिही! आता तर रामायन बसंल!" दाजी उठले. शर्टाची बाही वर केली. गुडघ्यावर बसून त्यांनी कोपरापासून हात तांदळात घातला आणि सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. पोरं ओट्यावर चढून बघायला लागली. 'उ'च्या पोटाशी येऊन ते थांबले, आणि मी त्यांना स्पष्ट पाहिलं: त्यांनी त्यात बोट घालून पाहिलं. बोट गेलं. मग ते पुढं सरकले. हा नियम त्यांना कुणी सांगितला होता? मी ताईकडे बघितलं. ती पदराआडून तांदळाकडे बघत होती.

आप्पा म्हणाले, "अंगन झाडून घ्या. आजून दोन पोती काढा."

तेव्हा दाजींची आई पुढं आली. कालपासून त्या बाईंनी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, तिन्हीकडे एकच नाव. मग आप्पांकडे.

"भावजी, शेतातबी हेच नाव लिवनार का आता? तांदूळ कोन निवडनार हाय त्यो?" आणि मागं वळून, अगदी रोज हाक मारत आल्यासारखं, "उमा, ये गं आत. लई येळ झालं उभी हायेस. दोन घास खा."

ताई उठली आणि आत गेली. तेवढ्यानं झालं. साखर वाटली. ज्यांनी ज्यांनी साखर घेतली त्यांनी उमा म्हणूनच तोंड गोड केलं. बळीआप्पा सतरंजीपाशी बराच वेळ उभे होते, डोकं तिरपं करून. मग मला जवळ बोलवलं आणि हळूच विचारलं, "पोरी, निस्तं 'आप्पा' एवढंच लिवलं तर केवढं जाड पडंल गं?" मी म्हटलं, लई. पुढच्या निवडणुकीला ते तेवढ्याच नावावर उभे राहिले. पडले, पण लांबून दिसतील असे पडले, असं अण्णा म्हणायचे.

अण्णा आता नाहीत. 'ठ' माझ्याकडे आहे, 'ळ' ताईकडे, 'व' करडानं एका कोपऱ्यात कुरतडलेला आहे, तोही ताईकडे. ताईची मुलगी जुई पुण्यात असल्या कामाचं शिक्षण घेऊन आली आणि गेलं वर्षभर ती अण्णांचं अक्षर संगणकात उतरवते आहे. हे प्रकरण मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं. परवा तिचा फोन आला, मावशी, सगळं जमलं, फक्त 'क्ष्मी' बुजतंय, अण्णा काय करायचे? मी म्हटलं, तुझ्या आजीला मोटरसायकलवर बसवायचे. ती म्हणाली, आता अक्षराला नाव हवं, तू सुचव. मी सुचवणार तोच मागून ताईचा आवाज आला, "राजराजेश्वरी ठिव. कुनीतरी वापरा ते एकदा." जुईनं लगेच ते नाव त्याच अक्षरात लिहून बघितलं. म्हणाली, मावशी, पडद्यात मावत नाही, 'श्व'च्या पुढं सगळं बाहेर जातंय. मग तिनं बापाला हाक मारली, हे तरी दिसतंय का बघा. दाजींचा आवाज मी फोनमधून ऐकला. "थांब," ते म्हणाले, "चष्मा काढू दे."